मदत हवी आहे: मातीत मिसळलेला गुलाबी स्टेन (रंगाची पूड) भट्टीत उडतो

नमस्कार मंडळी,

मी पांढऱ्या स्टोनवेअर मातीत नेरीकोमी करते. रंगीत मातीच्या पट्ट्या रचून ठोकळा करायचा, त्याच्या चकत्या कापायच्या आणि त्यांतून ताटल्या-वाट्या घडवायच्या, ही जपानी पद्धत. रंग मातीच्या आरपार हवा, वाटीच्या आतबाहेर तीच रेघ दिसायला हवी. ब्रशने काढलेल्या नक्षीत ती मजा नाही. इलेक्ट्रिक भट्टी, १२२० अंश, वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप.

निळा आणि पिवळा सुरेख येतात. काळा थोडा तपकिरी दिसतो. गुलाबी मात्र ग्लेझच्या भाजणीत जवळजवळ पांढरा होतो. डबीवर क्रोम-टिन लिहिलंय. सगळे स्टेन १० टक्के घालते. गुलाबी वाढवू का? शिवाय काळी आणि पांढरी पट्टी जुळते तिथे वाळताना चीर पडते. कृपया सुचवा.

उत्तर:

ताई, वाढवून पैसे जातील, रंग येणार नाही. क्रोम-टिन गुलाबीला आजूबाजूला भरपूर कॅल्शियम लागतं आणि झिंक अजिबात चालत नाही. काळाही तपकिरी होतोय, म्हणजे मला ग्लेझमधल्या झिंकचाच संशय आहे. क्रोम असलेले काळे आणि हिरवे झिंकमुळे असेच बिघडतात. मातीत मिसळायला मँगनीज-ॲल्युमिना गुलाबी घ्या. फिका असतो, पण टिकतो.

सरसकट १० टक्केही नको. कोबाल्टचा निळा निम्म्यात गडद होतो. आणि टक्के कोरड्या मातीवर धरा: १ किलो मळलेल्या मातीत साधारण २०० ते २५० ग्रॅम पाणीच असतं.

चिरेचं कारण बहुधा ओलाव्यातला फरक. स्टेन पाण्यात कालवून मिसळला की तो गोळा जास्त ओला राहतो आणि जास्त आकसतो. प्लास्टरच्या पाट्यावर त्यातलं जादा पाणी काढा, मग सगळे रंग एकाच प्लास्टिकमध्ये काही दिवस गुंडाळून ठेवा. जोडताना दोन्ही बाजू खरवडून त्याच मातीची स्लिप (पातळ कालवलेली माती) लावा. भांडं झाकून, अगदी सावकाश वाळवा. कोरडी पूड हाताळताना मास्क हवाच, मळताना हातमोजे.

धागाकर्ती:

खूप आभार दादा! रेसिपी पाहिली, झिंक ऑक्साइड आहे. ते काढलं तर १२२० ला ग्लेझ नीट वितळेल का?

उत्तर:

नुसतं काढलं तर कोरडं पडेल. त्याऐवजी कॅल्शियम-बोरॉन फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) घालून बघा, आधी चाचणीच्या फरशांवर. जुना गुलाबीही एका फरशीवर ठेवा. कॅल्शियम वाढल्यावर निदान पृष्ठभागावर तरी तो टिकण्याची आशा आहे.