नवी गाडी बुक करावी की ओळखीतली सेकंडहँड घ्यावी? खर्चाचा हिशेब हवा आहे

प्रश्न

नमस्कार. आमची तेरा वर्षांची हॅचबॅक गेल्या महिन्यात विकली. माझे रोजचे जाणे-येणे नागपुरात त्रिमूर्तीनगर ते हिंगणा एमआयडीसी असे असून महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन यवतमाळला जावे लागते. शोरूमने ८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीच्या पेट्रोल गाडीचा ऑन-रोड (कर, विमा धरून) आकडा ९ लाख ४० हजार सांगितला आहे. त्याच मॉडेलची चार वर्षे जुनी, ४१ हजार किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची गाडी मनीषनगरमधील एक गृहस्थ ५ लाख ६० हजारांना देत आहेत. माझ्या हाताशी ४ लाख आहेत, उरलेल्यासाठी कर्ज काढावे लागेल. ३ लाख ८० हजारांचा हा फरक खरोखर तेवढाच राहतो का, की पुढे खर्चात विरून जातो?

उत्तर १

गाडी घेतल्यापासून ती विकेपर्यंत वर्षाला किती पडते, ते पाहावे. मी सहा वर्षे धरतो. पुनर्विक्रीचे आकडे हा माझा अंदाज समजावा. नवी गाडी सहा वर्षांनी ४ लाखांना गेली, तर घट ५ लाख ४० हजारांची होते. शिवाय ५ लाख ४० हजारांच्या कर्जावर ९ टक्के दराने पाच वर्षांत सुमारे १ लाख ३२ हजार रुपये व्याज जाईल. म्हणजे वर्षाला १ लाख १२ हजार. जुनी गाडी सहा वर्षांनी दहा वर्षांची झालेली असेल. ती २ लाखांना गेली, टायर, बॅटरी, क्लच आणि एसी यांसाठी सुरुवातीलाच ६० हजार बाजूला ठेवले, आणि १ लाख ६० हजारांच्या कर्जावर १३ टक्क्यांनी तीन वर्षांत ३४ हजार व्याज भरले (जुन्या गाडीसाठी व्याजदर चढाच असतो), तरी वर्षाला सुमारे ७६ हजार पडतात. फरक उरतो तो महिन्याला तीन हजारांचा. वॉरंटी आणि निर्धास्तपणा यांसाठी एवढी रक्कम मोजायची का, हे घरात बसून ठरवावे.

शोरूमचा ऑन-रोड आकडाही सुटा करून मागावा. आपल्या राज्यात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स आहे, म्हणजे ८८ हजार. ते टळत नाहीत. विमा मात्र शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही, त्यामुळे बाहेरून दोन दर मागवावेत. 'हँडलिंग' या नावाने रक्कम लावली असेल तर ती काढायला लावावी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेसही गेला. चार वर्षांपूर्वी आपण किती मोजले हे विकणारा सांगेल, पण तुलना आजच्या नव्या गाडीच्या किमतीशीच करावी. माझ्या मते ५ लाख ६० हजार जास्त आहेत. ५ लाखांपासून बोलणी सुरू करावीत.

उत्तर २

हिशेब बरोबर आहे, पण खासगी व्यवहारात पैसे बुडतात ते बहुतेक कागदपत्रांत. मी माझी गाडी परिचितालाच विकली आणि फॉर्म २९ व ३० (मालकी बदलाचे अर्ज) यांवर सह्या करून निश्चिंत झालो. त्यांनी नाव बदलून घेतलेच नाही, आणि जवळजवळ वर्षभर त्यांची ई-चलाने माझ्या मोबाईलवर येत राहिली. अपघात झाला असता तर भरपाईची जबाबदारीही माझ्यावर आली असती, कारण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून परिवहनच्या पोर्टलवर थकीत चलाने, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये. गाडी एमएच ३१, ४० किंवा ४९ या नागपूरच्या पासिंगची असेल तर रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. छिंदवाडा किंवा रायपूरकडची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी आणि आपल्याकडचा टॅक्स दोन्ही लागतात. तो मोह टाळावा.

उत्तर ३

आपण जुनी गाडी विकली आहे, तर तिच्या विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याकडेच राहतो, गाडीबरोबर जात नाही. कंपनीकडून तसे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते आणि पाच वर्षे क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. शोरूमच्या विम्याच्या आकड्यात ही सूट धरली आहे का, ते तपासावे. मनीषनगरच्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे वाचावेत, त्यात उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नक्षी शाबूत दिसणारे टायरही आतून कडक झालेले असतात.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. पोर्टलवर पाहिले, गाडी एमएच ३१ पासिंगचीच आहे, पण आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतो. कर्ज मागच्या वर्षीच फिटले, मात्र फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि बँकेची एनओसी आरटीओत द्यायची राहिली, असे त्या गृहस्थांचे म्हणणे आहे. बोजा उतरल्यावरच पुढे बोलू, असे मी त्यांना कळवले आहे. तोपर्यंत शोरूमकडून सुटा आकडा आणि विमा कंपनीकडून बोनसचे पत्र मागवतो.