दर सीआय रनला (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या चाचण्यांना) सगळ्या मायग्रेशन्स (डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या फाइली) पहिल्यापासून चालवायच्या का?

कीबोर्डकर
माझं मत: नाही. तिसऱ्या मायग्रेशनमध्ये आलेला आणि नवव्यात उडवलेला कॉलम रोज नव्यानं बांधून पाडण्यात चाचण्यांचा काय फायदा? पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सगळ्या मायग्रेशन्स चालवून झालेला एक साचा डेटाबेस तयार ठेवा. चाचण्या चालवणाऱ्या प्रत्येक समांतर वर्करला 'क्रिएट डेटाबेस चाचणी_१ टेम्प्लेट साचा' एवढंच पुरतं. तयार टेबलांची थेट नक्कल होते, डीडीएल (टेबलं बनवणाऱ्या-बदलणाऱ्या आज्ञा) पुन्हा चालत नाही. मायग्रेशन फोल्डरचा हॅश (फाइलींच्या मजकुरावरून निघणारा ठसा) हीच कॅशची की, म्हणजे जपून ठेवलेला साचा ओळखायची खूण. हॅश बदलला तरच साचा नवा.

त्रयस्थ
असहमत. प्रॉडक्शनवर चालणार आहेत त्या मायग्रेशन्सच. त्या वगळून चाचण्या हिरव्या झाल्या तर त्या हिरव्याला अर्थ किती?

कीबोर्डकर
रिकाम्या टेबलावर चालवून तरी काय कळतं? डिफॉल्ट नसलेला नॉट नल कॉलम तिथे बिनबोभाट चढतो, टेबलात एक ओळ असली की आपटतो. मायग्रेशनसाठी वेगळा जॉब हवा: मेन ब्रँचची (मुख्य कोडची) स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, त्यात नमुना डेटा, आणि वर फक्त नव्या मायग्रेशन्स.

सांडगा
साचा ठीक, पण त्याऐवजी पीजी_डंपचा (पोस्टग्रेसची प्रत काढणाऱ्या साधनाचा) फक्त-स्कीमा पर्याय वापरणार असाल तर जपून. मायग्रेशनमधून भरलेला लुकअप डेटा त्यात येत नाही, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) कोणत्या मायग्रेशन्स चालल्या हे ज्या टेबलात लिहितं त्यातल्या नोंदीही नाहीत. मग जँगोला वाटतं काहीच चाललेलं नाही, तो पहिल्यापासून सुरू करतो आणि 'टेबल आधीच आहे' म्हणून थांबतो. रेल्समध्ये (रूबीचं वेब फ्रेमवर्क) ट्रिगर (टेबल बदललं की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) असतील तर रचनेची स्कीमा.आरबी ही फाइल त्यांना गाळते, त्याऐवजी स्ट्रक्चर.एसक्यूएल घ्या. आणि नक्कल करताना साच्याला दुसरं एकही कनेक्शन चालत नाही. कनेक्शनांचा पूल उघडा राहिला की हमखास एरर.

त्रयस्थ
इतकी यातायात करण्यापेक्षा जँगोमध्ये स्क्वॉश करा ना, म्हणजे जुन्या मायग्रेशन्स एकत्र करून थोड्या करा. एकदाच चालवायच्या डेटा-पायऱ्यांना आधी 'इलायडेबल' (वगळता येण्याजोगी) ही खूण लावा, म्हणजे स्क्वॉश करताना त्या गळतात. जुन्या फाइली मात्र सगळी एन्व्हायर्न्मेंट (चाचणी, प्रॉडक्शन वगैरे) नव्या मायग्रेशनपर्यंत पुढे गेल्यावरच काढा.

कीबोर्डकर
स्क्वॉश करा की, पण सहा महिन्यांनी पुन्हा तेवढाच ढीग. पूर्ण इतिहास रात्री एकदा चालवला की पुरे.

त्रयस्थ
रात्री नापास झालं तर दिवसभरातल्या मर्जमधून दोषी शोधत बसायचं? मायग्रेशन फोल्डरला हात लावणाऱ्या पुल रिक्वेस्टवर (कोड मर्ज करण्याच्या विनंतीवर) तरी पूर्ण चालवा. बाकीच्यांना साचा द्या, हरकत नाही.

सांडगा
हे पटलं. फक्त कॅशच्या कीमध्ये पोस्टग्रेसची आवृत्ती आणि एक्स्टेन्शन्सची (पोस्टग्रेसला जोडलेल्या पूरक भागांची) यादीही घाला. नाहीतर पोस्टग्रेसची कंटेनर इमेज बदलली तरी साचा जुनाच येत राहतो.