मदत हवी आहे: भावाची महाधमनी रुंदावतेय, औषधांबद्दल विचारायचं आहे

धाकट्या भावाच्या इकोमध्ये महाधमनीचं (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचं) मूळ ४.४ सेंमी निघालं. वय फक्त ३१. जनुकीय चाचणीत एफबीएन१ मध्ये दोष सापडला, म्हणजे मार्फान सिंड्रोम (शरीरातली जोडणारी ऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार). बाबा अचानक गेले तेव्हा सगळ्यांनी हार्ट अटॅकच धरला होता. आता वाटतं, त्यांची महाधमनी फाटली असेल. रात्री झोप लागत नाही.

वाचून एवढं समजलं की हे जनुक फिब्रिलिन-१ हे प्रथिन बनवतं. ते सदोष असलं की धमनीच्या भिंतीतले लवचिक तंतू टिकत नाहीत. २००६ मध्ये उंदरांवर लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम फारच आशादायक होता. मग २०१४ मध्ये ६०८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत लोसार्टन आणि अटेनोलॉल (हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणारं औषध) यांत फरकच दिसला नाही! २०२२ च्या एकत्रित विश्लेषणात मात्र लोसार्टनच्या गटातल्या औषधांनी रुंदावण्याचा वेग जवळपास निम्मा झालेला दिसतो.

भावाला सध्या फक्त बीटा ब्लॉकर सुरू आहे. बीटा ब्लॉकर आणि लोसार्टन ही दोन्ही औषधं एकत्र घेणारं इथे कुणी आहे का? चक्कर, थकवा कितपत येतो? ५ सेंमीच्या आसपास ऑपरेशन करतात म्हणे. हृदयाची स्वतःची झडप राखून कुणी करून घेतलंय का? नंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कायमच्या लागल्या का?

आणि दोष बाबांकडून आला असेल तर माझीही शक्यता ५० टक्के. चाचणीआधी समुपदेशन घेतलेल्यांनी कृपया लिहा. डॉक्टरांची पुढची भेट गुरुवारी आहे.