एचडीचं एसडी केल्यावर चित्र उभट होतंय (दशावताराची डीव्हीडी)

कुडाळ_कट:
जत्रेतल्या दशावताराचं चित्रण एचडी (हाय डेफिनिशन) १९२०×१०८०, ५०आय (इंटरलेस्ड, सेकंदाला ५० अर्धी चित्रं) आहे. मंडळाला डीव्हीडी हवी, केबलवालाही एसडीच (स्टँडर्ड डेफिनिशन, कमी ओळींचं चित्र) मागतोय. ७२०×५७६ करून डिस्क लिहिली, तर जुन्या टीव्हीवर राजे-राक्षस सगळे उभट, काटकुळे! युद्धाच्या प्रवेशात तलवारीच्या कडेला कंगव्यासारखे दाते येतात ते वेगळंच. काय चुकतंय?

खाडीपलीकडे:
७२०×५७६ बरोबर आहे, चुकलाय तो आस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण). पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) एसडीचे पिक्सेल चौरस नसतात. १६:९ साठी प्रत्येक पिक्सेल उंचीच्या साधारण १.४२ पट रुंद दाखवावा लागतो. प्लेअरला हे कळतं ते फाइलमधल्या १६:९ च्या नोंदीवरून. तुमच्याकडे तिथे बहुधा ४:३ पडलंय. एन्कोडरमध्ये (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा प्रोग्राम) बदला आणि ऑथरिंगमध्येही (डिस्कची मांडणी करताना) बघा, तिथे ही नोंद वेगळी असते आणि हमखास राहून जाते.

डीव्हीडीच्या चित्रात काळ्या पट्ट्या घालू नका. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप '४:३ लेटरबॉक्स' केला की पट्ट्या तोच घालतो. रुंद टीव्हीवर तीच डिस्क पडदाभर दिसते.

केबलला ४:३ च हवं असेल तर गोष्ट वेगळी. चित्र ७२०×४३२ करा, वर-खाली ७२-७२ ओळी काळ्या. दोन्ही बाजूंचे २४०-२४० पिक्सेल कापूनही ४:३ होतं, पण मग कडेला बसलेले पायपेटी-पखवाजवाले गेलेच म्हणून समजा.

देवगड_डेक:
दात्यांचं कारण इंटरलेसिंग, म्हणजे एक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत (फील्डांत) टिपणं. ५०आयच्या एका फ्रेममधली दोन फील्डं १/५० सेकंदाच्या फरकाने टिपलेली असतात. १०८० ओळी थेट ५७६ वर आणल्या की ती एकमेकांत कालवली जातात, मग दुरुस्ती नाही. आधी डीइंटरलेस करून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम काढा, मग स्केल, शेवटी परत इंटरलेस. एफएफएमपेग या प्रोग्राममध्ये यॅडिफ (डीइंटरलेस करणारा फिल्टर), स्केल, इंटरलेस, याच क्रमाने. यॅडिफचा मोड १ ठेवा. ० ठेवलात तर २५ च फ्रेम उरतात आणि गिरक्या झटके खात दिसतात.

फील्ड ऑर्डर (कोणतं फील्ड आधी दाखवायचं ते) 'वरचं आधी'. उलटी झाली तर हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे थरथरते. कॉम्प्युटरवर हे लपून जातं, म्हणून खऱ्या टीव्हीवरच तपासा.

रंगही बदलावे लागतात: एचडीचं रंग-मानक बीटी ७०९, एसडीचं बीटी ६०१. स्केल करतानाच दोन्ही सांगा, नाहीतर लाल-हिरवे सरकतात.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ६ एमबीपीएस धरा, ४.७ जीबीच्या डिस्कवर दीड तास बसतो. नाटक लांबलं तर दोन डिस्क करा. ३ वर उतरवलंत की मुकुटाच्या जरीचे चौकोन झालेच.

कुडाळ_कट:
उभटपणा गेला, दातेही गेले. आता नावांच्या पाटीतली बारीक अक्षरं लुकलुकतायत.

देवगड_डेक:
एक ओळ जाडीची रेघ एकाच फील्डमध्ये येते, सेकंदाला २५ वेळाच दिसते, म्हणून. आडव्या रेघा निदान २-३ ओळी जाड हव्यात. अक्षर ठळक घ्या, इंटरलेस फिल्टरचा लोपास (ओळी किंचित मऊ करणारा पर्याय) चालू ठेवा. आणि पाटी कडेपासून आत आणा, जुने टीव्ही कडा खातात.