किशोरवयीन मुलांची नैराश्य-चाचणी टॅबवर घेताना

प्रश्न (परिचारिका, सिडको, नाशिक):
आमच्या बाह्यरुग्ण विभागात पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी आता टॅबवर भरून घेतली जाते. मागच्या आठवड्यात दहावीतल्या एका मुलीने, शेजारी बसलेली आई वाकून वाकून पाहत असल्यामुळे, सगळीकडे 'अजिबात नाही' असे दाबले. आई चहाला गेल्यावर मात्र तिने टॅब परत मागितला. अशा वेळी आपण काय करता?

उत्तर (सातपूर):
ताई, आम्ही पालकांना बाहेर थांबवून मुलाला भिंतीला पाठ लावून बसवतो. एकूण गुण ० ते २७ यांत कितीही कमी आले, तरी नववे उत्तर मी स्वतः पाहते, कारण तो प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तिथे 'काही दिवस' एवढे जरी आले, तरी मुलाला एकटे न सोडता लगेच डॉक्टरांना कळवते. बेरीज टॅब करतो, विचारपूस आपणच करायची.

उत्तर (निवृत्त मेट्रन, पंचवटी):
निघताना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलाला लिहून द्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते. चाचणीचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय मात्र (हल्ली सर्रास दिसते) मला अजिबात मान्य नाही, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. मुलीला गुरुवारी पुन्हा बोलावले असून आई दाराबाहेर बसायला तयार झाली आहे.