स्पर्शाशिवाय नुसत्या डेटावर रोबोचे हात शिकतील का?

गिरमिट:
2024 च्या जानेवारीत स्टॅनफर्डचा 'मोबाइल अलोहा' आला. चाकांवरच्या दोन हातांच्या रोबोने कोळंबी परतली आणि लोकांनी घरकामाचा प्रश्न सुटल्याचं जाहीर करून टाकलं. शोधनिबंध वाचा. सांडलेली वाइन पुसण्यात यश 95 टक्के, कोळंबीचं पूर्ण काम स्वतःहून करण्यात 40. उलथनं कोळंबीखाली नीट सरकलं का, हे आपल्या मनगटाला कळतं. या रोबोला ते कॅमेऱ्यातूनच ओळखावं लागतं. प्रयोगशाळा डेटाच्या मागे धावताहेत आणि स्पर्श मागे पडलाय, असं माझं ठाम मत आहे.

वृषाली_क:
अजिबात पटलं नाही. कोळंबी शिकवायला माणसाने करून दाखवलेली उदाहरणं अवघी 20 होती, म्हणजे कमी पडला तो डेटाच! 'ओपन एक्स-एम्बॉडिमेंट' या अनेक प्रयोगशाळांच्या सामायिक डेटासंचात 22 प्रकारच्या रोबोंच्या 10 लाखांहून जास्त नोंदी एकत्र केल्या, तर कमी डेटा असलेल्या प्रयोगशाळांमधलं यश सरासरी 50 टक्क्यांनी वाढलं.

गिरमिट:
त्या नोंदी बहुतेक चित्रांच्या आणि हालचालींच्या. बोटांनी दाब किती दिला हे नोंदलंच नसेल, तर दहा लाखांचे दहा कोटी करून ते कुठून येणार?

सांधेजोड:
सिम्युलेशनचं, म्हणजे संगणकातल्या आभासी जगात शिकवण्याचं काय? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाचा चार पायांचा रोबो 'एनीमल' 2020 मध्ये चिखल, बर्फ, ओढा तुडवत गेला. शिकला संगणकात, आणि चालताना कॅमेरा वापरतही नव्हता.

गिरमिट:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. तो पायांच्या सांध्यांतल्या सेन्सरच्या जाणिवेवर चालला. हाताचं बघा: ओपनएआयचा रुबिक क्यूब सोडवणारा हात 2019 मध्ये सिम्युलेशनमध्येच शिकला, पण सर्वांत अवघड मांडणीत यश 20 टक्के. बोटांत दबणारी, निसटणारी वस्तू गणितात पकडणं फार कठीण.

वृषाली_क:
स्पर्शाचे सेन्सर लावा म्हणणं सोपं आहे हो. 'जेलसाइट'सारख्या सेन्सरचं मऊ जेल घासून झिजतं. नवं बसवलं की सिग्नल बदलतो, आधीचं शिकलेलं जसंच्या तसं लागू पडत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्याने जेल बदलत बसायचं का?

गिरमिट:
अडचण खरी आहे, म्हणूनच ती विद्यापीठांनी अंगावर घ्यावी. डेटा कंपन्या पैशाच्या जोरावर गोळा करतीलच. आणि निदान नवीन डेटासंचात पकडीच्या मोटरचा करंट तरी नोंदवा. दाबाचा ढोबळ अंदाज येतो, वेगळा सेन्सर लागत नाही.

वृषाली_क:
करंटचं मान्य, ते उद्यापासून करता येईल. पण टिकाऊ जेल येईपर्यंत डेटा गोळा करणं थांबवा म्हणाल, तर मी विरोधातच राहणार.