ग्रीक लोकांचा कॅनडात स्वतःचा टीव्ही चॅनल, मग मराठीचा का नाही?

पेपचा भाडेकरू

नमस्कार मंडळी. मी टोरांटोत डॅनफोर्थला, पेप स्टेशनजवळ एका ग्रीक कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. वर घरमालकीण आजी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याकडे ओडिसी नावाचा ग्रीक चॅनल सकाळपासून चालू असतो आणि आवाज इतका मोठा, की भाषेचं ओ की ठो कळत नसूनही त्या मालिकेत कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते मला आता समजायला लागलंय. त्यांचा मुलगा परवा सांगत होता, हा चॅनल ग्रीसचा नाही, इथलाच आहे. नव्वदच्या दशकात कॅनडातला रीतसर परवाना काढून सुरू झालेला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. माझे आईबाबा उन्हाळ्यात येतात, बाबांना फोनवर काही बघायचं म्हटलं की डोकं दुखतं. त्यांना रिमोट हातात हवा. मंडळाच्या बैठकीत विषय काढला तर एक जण म्हणाला, "करूया की अर्ज", दुसरा म्हणाला, "कोट्यवधी लागतात". दोघांनाही माहिती शून्य. इथे केबल किंवा टीव्हीच्या धंद्यात काम केलेलं कुणी आहे का? परवाना देतं कोण, ग्रीकांना कसा मिळाला, आणि आपण अर्ज केला तर काय होईल?

लावालकर आप्पा

मी मूळचा मिरजेचा. नव्वदच्या दशकात माँट्रियलला आलो, आधी एका केबल कंपनीसाठी घरोघरी जोडण्या केल्या, मग पाठीच्या दुखण्यामुळे ऑफिसात, पॅकेज ठरवणाऱ्या विभागात बसलो. त्यामुळे हा विषय शिडीवरूनही पाहिलाय आणि टेबलावरूनही.

परवाना देते सीआरटीसी, म्हणजे कॅनडाची प्रसारणावर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था. कार्यालय गातिनोला, ओटावा नदीच्या पलीकडे. 1991 च्या प्रसारण कायद्यात देशाचं बहुसांस्कृतिक रूप प्रसारणात दिसलं पाहिजे असं लिहिलेलं आहे, त्यामुळे ग्रीक चॅनल मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हतं. मालकी मात्र कॅनेडियन हवी. परवाना घेणाऱ्या कंपनीचे 80 टक्के मताधिकार कॅनेडियन लोकांकडे, संचालकही त्याच प्रमाणात, मुख्य अधिकारी कॅनेडियन. अथेन्सची कंपनी उठून इथे अर्ज करू शकत नव्हती, तशी मुंबईचीही नाही.

ओडिसीला परवाना मिळाला 1996 च्या सप्टेंबरात. त्याच महिन्यात दक्षिण आशियाई लोकांसाठीच्या चॅनललाही मिळाला, तोच पुढे एटीएन झाला. म्हणजे आपण आणि ग्रीक एकाच पंगतीला बसलो होतो, फक्त आपलं पान "दक्षिण आशिया" या नावाने मांडलेलं होतं आणि त्यात वाढप बहुतेक हिंदीचं. ग्रीकांना एका भाषेचं अख्खं ताट मिळालं.

पण परवाना हातात आला आणि चॅनल लागला असं झालं नाही. ओडिसी पडद्यावर आला 1998 मध्ये. तेव्हाची केबल ॲनालॉग, तारेत मोजक्याच वाहिन्या मावायच्या, आणि परवाने मिळालेले चॅनल रांगेत उभे. केबलवाल्याने जागा दिली तर तुम्ही चॅनल, नाहीतर फायलीतला कागद. हे नीट लक्षात घ्या, कारण मंडळात जो "अर्ज करूया की" म्हणाला त्याला वाटतंय की सगळी लढाई गातिनोला आहे. ती होती केबलवाल्याच्या दारात.

केबलवाल्याने जागा दिली, कारण ग्रीक माणूस पैसे मोजत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माँट्रियलच्या पार्क एक्स्टेन्शनमध्ये आणि इथे शेजारच्या लावालच्या शोमेडी भागात डिकोडर बसवायला जायचो. हे लोक आले यादवी युद्धानंतर, पन्नाशी-साठीच्या दशकांत. हॉटेलात भांडी घासली, शिलाईच्या कारखान्यात मशीनवर बसले. मुलं शिकली, पण आजीला फ्रेंच येत नाही, इंग्रजी दुकानापुरतं. अशा घरात मी खोका जोडून पहिलं चित्र आणलं की आजी आधी हात जोडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन छोट्या बशीत चमचाभर गोड मुरंबा आणि पाण्याचा ग्लास आणायची. तो खाल्ल्याशिवाय सुटका नाही. बिल मुलाच्या नावावर असायचं. मुलगा स्वतः तो चॅनल कधी लावत नसे, आणि तो बंद करायची त्याची हिंमतही नसे. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हणतात तो हा. आमच्या धंद्यात असं गिऱ्हाईक सोन्याचं.

आता पार्क एक्स्टेन्शनमध्ये जाल तर जाँ-तालाँ रस्त्यावर डोशाची, जिलेबीची दुकानं. ग्रीक बरेचसे लावालला सरकले, त्यांच्या जागी आपल्याकडचे, पाकिस्तानचे, बांगलादेशचे लोक आले. ग्रीकांची चर्चेस तिथेच आहेत.

दुसरी गोष्ट, जी बाहेर कुणाला फारशी ठाऊक नसते. ओडिसीभोवती कुंपण होतं. इंग्रजी, फ्रेंच आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा सोडून जे काही उरतं त्याला सीआरटीसी तृतीय भाषा म्हणते. अशा भाषांतले जुने चॅनल पाच: चिनी लोकांचे फेअरचाइल्ड आणि टॅलेंटव्हिजन, इटालियन-स्पॅनिशचा टेलेलातिनो, आपला एटीएन आणि ग्रीक ओडिसी. 2005 मध्ये नियम आला, की तृतीय भाषेतल्या नव्या डिजिटल चॅनलना परवाना सहज मिळेल, पण ज्याला ग्रीकमधला दुसरा सर्वसाधारण चॅनल हवा त्याने आधी ओडिसी घेतलेला असला पाहिजे. हिंदीसाठी तशीच अट एटीएनची. पॅकेजचे तक्ते आम्हीच बनवायचो, फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्याही आम्हीच खायचो. "मला नवा हवाय, जुना का माथी मारताय?" बाजू त्यांचीही खरी होती. पण कुंपण नसतं तर जुने चॅनल मोडले असते, असं माझं आजही मत आहे. 1984 साली निघालेला चायनाव्हिजन परवाना असूनही बुडाला आणि 1993 मध्ये फेअरचाइल्डवाल्यांनी तो घेतला. परवान्याने पगार होत नाहीत.

कुंपणाची गरज का वाटली हे कळायला रायचं प्रकरण बघा. राय म्हणजे इटलीची सरकारी प्रसारण संस्था. तिने टेलेलातिनोला द्यायचे कार्यक्रम बंद केले आणि स्वतःचाच चॅनल कॅनडात आणायचं ठरवलं. 2004 मध्ये सीआरटीसीने नकार दिला. इटालियन समाज खवळला, सह्यांच्या मोहिमा झाल्या, खासदारांच्या मागे लोक लागले, सरकारने समिती नेमली. वर्षभरात धोरण बदललं आणि राय आला. माल पुरवणाराच शेजारी दुकान थाटतो म्हणाला तर जुन्या दुकानदाराने काय करावं? ग्रीक चॅनललाही तीच धास्ती, कारण मालिका, बातम्या, सिनेमे सगळं ग्रीसहून येणार.

आणि पुरवठा तुटतो तेव्हा कसा तुटतो तेही ऐका. 11 जून 2013 ला ग्रीस सरकारने ईआरटी ही सरकारी प्रसारण संस्था एका रात्रीत बंद केली. कर्जाचं संकट, खर्चकपात. पडदा काळा. ती परत ईआरटी म्हणून सुरू झाली 2015 मध्ये. परदेशातल्या ग्रीक घरांतसुद्धा तेव्हा कुणी वारल्यासारखं झालं होतं.

लांबलं. चहा घेऊन येतो.

तीन नंबरचा डबा

आप्पा, छान लिहिलंत, पण हा सगळा इतिहास झाला हो. मी सगळं मराठी यूट्यूबवर आणि ॲपवर बघतो. केबल कापून टाकली. परवाना, गातिनो, 80 टक्के वगैरे कशाला? आजी-आजोबांना टीव्हीला इंटरनेटची एक स्टिक लावून द्या, काम संपलं.

ब्रॅम्प्टनची ताई

तीन नंबर, स्टिक लावून देणं आणि चॅनल चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही बघता ते भारतात, भारतातल्या प्रेक्षकांसाठी बनलेलं. इथला अर्ज कुठे भरायचा, पेन्शनचा नियम काय बदलला, बर्फाच्या वादळात शाळा बंद आहेत का, हे त्यात कुठून येणार?

मी हिशेबाच्या कामात आहे आणि एका छोट्या तृतीय भाषेतल्या चॅनलची वह्या-खाती पाहिली आहेत (नाव विचारू नका). भाडेकरू भाऊ, तुमच्या प्रश्नातला "अर्ज" हा शब्दच आता जवळजवळ गेलाय. दोन लाखांपेक्षा कमी ग्राहक असलेल्या अशा चॅनलना परवान्यातून सूट आहे. अटी पाळायच्या, कॅनेडियन मालकी त्यांतही आलीच. म्हणजे आज मराठी चॅनल काढायचा म्हटला तर सीआरटीसी आडवी येणार नाही.

आडवा येतो तो गुणाकार. समजा (समजाच, खरे आकडे नव्हेत) देशभरातल्या 3000 मराठी घरांनी चॅनल घेतला आणि केबल कंपनीने आपला वाटा कापून घरामागे महिना 4 डॉलर तुमच्या हातात ठेवले. झाले 12,000. त्यात मालिकांचे हक्क, सिग्नल पोहोचवायचा खर्च, एक संपादक, एक तंत्रज्ञ, कॅनडात बनलेल्या कार्यक्रमांचा ठरलेला वाटा. जागेचं भाडं मी धरलंच नाही. आणि 3000 घरं कुठून आणणार? 2016 पासून केबलवाल्यांना 25 डॉलरपर्यंतचं मूळ पॅकेज आणि पुढे सुटे चॅनल द्यावे लागतात. पॅकेजमध्ये आपोआप गळ्यात पडणारा चॅनल आता जो तो पारखून घेतो.

ग्रीकांच्या बाबतीत आप्पांनी सांगितलेली आजी हीच पुंजी होती. आपली गोष्ट उलटी आहे. मराठी माणूस इथे आला तो बहुतेक इंग्रजी घेऊन, हिंदी तर येतेच. त्याला बातम्या इंग्रजीत चालतात, सिनेमा हिंदीत चालतो, मराठी लागते ती गणपतीत आणि दिवाळी अंकात. टोचेल कुणाला, पण पैसे मोजायची वेळ आली की हे दिसतं. फक्त मराठीच हवी असा प्रेक्षक म्हणजे भेटीला आलेले आईवडील. ते सहा महिन्यांनी परत जातात, आणि त्यांच्याबरोबर वर्गणीही जाते.

पेपचा भाडेकरू

आप्पा, ताई, मनापासून आभार. ताई, शेवटचं वाक्य लागलं, कारण बाबा ऑक्टोबरमध्ये परत चाललेत.

एक विचारू? वरच्या आजींच्या मुलाने सांगितलं, की ओडिसी यायच्या आधी त्यांच्याकडे रेडिओवर आणि एका टीव्ही स्टेशनवर आठवड्यातून काही तास ग्रीक कार्यक्रम लागायचे, आणि घरातले सगळे ती वेळ धरून बसायचे. ते काय होतं? तसं आपल्याला जमेल का?

लावालकर आप्पा

जमेल. खरं तर मी मुद्द्यावर यायच्या आतच चहाला उठलो.

टोरांटोत चिन रेडिओ 1966 पासून आहे, आणि 1979 मध्ये सीएफएमटी नावाचं टीव्ही स्टेशन निघालं, पूर्णवेळ अनेक भाषांचं, अँटेनावर फुकट दिसणारं. तेच पुढे ओम्नी झालं. या जगात एक जुनी पद्धत आहे: समाजातला माणूस स्टेशनकडून तास विकत घेतो, कार्यक्रम स्वतः बनवतो, जाहिराती स्वतः गोळा करतो. प्रवासाचा एजंट, घरांचा दलाल, इमिग्रेशनचा वकील, मिठाईवाला, हे त्याचे जाहिरातदार. परवाना स्टेशनचा, डोकेदुखी तुमची. अनेक समाजांची सुरुवात अशा विकतच्या तासांवर झाली. तासाला प्रेक्षक आहे हे दिसलं की मगच चॅनलची भाषा.

मंडळात पुढच्या बैठकीत हेच मांडा. आठवड्याला अर्धा तास, इथल्याच बातम्या, इथल्याच माणसांच्या मुलाखती. भारतातल्या मालिकांच्या वाटेला जाऊ नका, त्या स्टिकवर आहेतच, तीन नंबर बरोबर बोलतोय. पण अर्ध्या तासाचा भाव विचारायच्या आधी 13 आठवड्यांचे विषय कागदावर लिहून काढा. मी पाहिलेली बरीच मंडळी चौथ्या आठवड्याला नाच-गाण्याच्या जुन्या चित्रफिती लावायला लागतात.

ब्रॅम्प्टनची ताई

आप्पांच्या 13 आठवड्यांना माझा दुजोरा. स्टेशनचा भाव जड वाटला तर तोच अर्धा तास ऑनलाइन काढा. 2023 च्या ऑनलाइन प्रसारण कायद्यानंतर लोक घाबरलेत, पण सीआरटीसीकडे नोंदणी लागते ती कॅनडातलं वर्षाचं उत्पन्न 1 कोटी डॉलरच्या वर असलेल्यांना, आणि 2024 मध्ये निघालेला उत्पन्नाच्या 5 टक्के वर्गणीचा आदेश अडीच कोटींच्या वरच्यांना होता. मंडळाला ती भीती नाही. मात्र गाणी वापरताना हक्क बघा, तिथे लहान-मोठा भेद नसतो.

जाहिरातींचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा. मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीत मिसळलात तर पुढच्या सर्वसाधारण सभेत कार्यक्रम राहील बाजूला.

तीन नंबरचा डबा

मी कॅमेरा धरीन. एडिटिंगही येतं. फक्त सूत्रसंचालक शेरवानीत नको.

पेपचा भाडेकरू

तीन नंबर, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय. 13 पैकी सहा विषय लिहून झाले, त्यातला एक म्हणजे बाबांच्या पिढीला इथे येताना मिळणाऱ्या सुपर व्हिसाचा आरोग्यविमा. आप्पा, एका भागासाठी तुमची मुलाखत घ्यायला लावालला आलो तर चालेल का?

लावालकर आप्पा

ये की. शनिवार सोडून कधीही. शनिवारी शेजारच्या ग्रीक काकांबरोबर पत्ते असतात.